दगडी कातडं आणि आगीची तलवार

"मामा, ह्याच्या अंगावर दगडाचं कातडं हाय न्हवं? मग ह्यो भाजतोय कसा?"

भाचा पडद्यावर बोट टेकवून विचारत होता. खालच्या पट्टीत ओळ उमटली होती: आमच्या जादूगाराला आगीचं ३ डॅमेज, म्हणजे इजा. तलवारीच्या पात्याचं काहीच नाही, फक्त आगीचं ३. पण तेवढ्यानं त्याच्या तोंडातला मंत्र तुटला, आणि मंत्र तुटला म्हणून पुढच्या दोन मिनिटांत आमची सगळी टोळी आडवी झाली.

भाचा गडहिंग्लजचा. दहावीनंतर डिप्लोमासाठी कोल्हापुरात आला तेव्हापासून आमच्या मंगळवार पेठेतल्या घरीच असतो. रात्री जेवणं उरकली की आम्ही दोघं माझ्या जुन्या लॅपटॉपवर बाल्डर्स गेट २ खेळतो. मूळ गेम २००० सालचा, आमच्याकडं आहे ती २०१३ ची एन्हान्स्ड एडिशन. मी हा गेम पहिल्यांदा खेळलो तेव्हा भाच्याचा जन्मही झाला नव्हता. तेव्हा इंग्रजी निम्मंच कळायचं, पण जादूगार स्टोनस्किनशिवाय बाहेर काढायचा नाही हे पहिल्या आठवड्यात कळलं होतं. चौथ्या पातळीचा मंत्र. जादूगाराच्या दर दोन पातळ्यांमागं अंगावर दगडाचा एक थर चढतो, आणि प्रत्येक घाव एक थर घेऊन जातो. घाव केवढाही असो, राक्षसाच्या गदेचा असो नाहीतर पोराच्या काठीचा, थर एकच जातो.

पण आगीच्या तलवारीचं गणित वेगळं. हत्यार लागलं की गेम आधी पात्याचा घाव मोजतो, आणि मग त्या हत्याराला जोडलेली इफेक्टची यादी लागू करतो: आग, थंडी, वीज, आम्ल, विष, जे असेल ते. स्टोनस्किन यातला फक्त पहिला भाग अडवतो. यादी सरळ आत जाते. प्रोटेक्शन फ्रॉम मॅजिकल वेपन्स हा सहाव्या पातळीचा मंत्र मात्र हत्यारच नाकारतो. पातं लागलंच नाही असं धरलं जातं, त्यामुळं पात्याबरोबरची आगही बाहेरच राहते. तो टिकतो फक्त ४ राउंड, म्हणजे लढाईच्या चार फेऱ्या. म्हणजे एक मंत्र घाव झेलतो, दुसरा हत्यारच परत पाठवतो. जुने खेळाडू हे जाणून असतात आणि शत्रूच्या जादूगारावर आगीचे बाण सोडून त्याचे मंत्र तोडतात.

भाच्याला मी सांगितलं, बरोबरच आहे की. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. आमच्याकडं ओतकाम करणाऱ्याच्या अंगावर चामड्याचा एप्रन असतो, हातात जाड मोजे. लॅडलमधून सुमारे १४०० अंशाचं लोखंड साच्यात पडताना ठिणगी उडाली तर एप्रन ती अडवतो. धग अडवत नाही. धग आत येतेच, म्हणून तर माणूस ओतून झालं की मागं सरतो. घाव अडवणं वेगळं आणि उष्णता अडवणं वेगळं, असं मी त्याला समजावलं आणि विषय संपला असं समजून झोपायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दूध घेऊन आला आणि पिशवी कट्ट्यावर ठेवता ठेवता म्हणाला, "मामा, एप्रन अंगावरच ऱ्हातोय. ह्यो दगड ऱ्हात न्हाई. घाव बसला की गळून पडतोय. तापलेला दगड गळून पडला, तर आतला माणूस कशानं भाजणार?"

मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी शेकआउटला, म्हणजे साचे फोडून कास्टिंग बाहेर काढतात तिथं, उभा होतो. साचे फुटत होते, वाळू खाली जात होती. कास्टिंगला चिकटलेली वाळू जळून काळीठिक्कर झालेली, आणि साच्याच्या कडेची वाळू तेवढी तापलेली नाही. उष्णता ज्या थरानं खाल्ली तो थर जळाला आणि निघून गेला. एप्रनचं उदाहरण चुकलं होतं. स्टोनस्किन साच्याच्या वाळूसारखं वागतं. घाव ज्या थरावर बसला त्या थरानं पात्यावरची आगही घ्यावी आणि ती घेऊनच गळून पडावं, यात काहीच अतार्किक नव्हतं. आणि याच हिशेबानं फायरबॉल, म्हणजे आगीच्या स्फोटाचा मंत्र, मात्र लागलाच पाहिजे. तो थर फोडत नाही, चारी बाजूंनी नुसती धग देतो.

जेवणाच्या सुट्टीत एका रद्द जॉब कार्डाच्या पाठीमागं तीन ओळी लिहिल्या. थर शिल्लक असताना आगीची तलवार भाजणार नाही. थर शिल्लक असतानाही फायरबॉल भाजणार. थर संपले की दोन्ही भाजणार. पुढचे अठरा-वीस दिवस जे काही केलं ते या तीन ओळी एकाच वेळी खऱ्या करण्यासाठी केलं.

गेमच्या फाईली उघडायला नियर इन्फिनिटी नावाचं फुकट साधन आहे. ते चालायला जावा लागतं. त्यात स्टोनस्किनची फाईल सापडली, नाव एसपीडब्ल्यूआय ४०८. हा गेम मला आतून एवढा साधा दिसेल असं वाटलं नव्हतं. सुरुवातीला ११४ बाइटचा हेडर, मग पातळीनुसार पोटहेडर, आणि मग इफेक्ट. प्रत्येक इफेक्ट बरोबर ४८ बाइटचा. त्या ४८ बाइटांत पहिले दोन म्हणजे ऑपकोड, काय करायचं याचा क्रमांक. मग कुणावर करायचं, किती ताकदीचं, कशाच्या आकड्यानं, किती वेळ, किती टक्के शक्यतेनं. सगळं जागच्या जागी. आमच्याकडच्या इन्स्पेक्शन शीटपेक्षा नीट. स्टोनस्किनचा ऑपकोड २१८. डॅमेजचा १२.

पहिला उपाय डोक्यात आला तो सगळ्यांच्याच येईल असा. मंत्रात चार इफेक्ट वाढवले: आग, थंडी, वीज आणि आम्ल यांचा प्रतिकार १००. तलवारीची आग थांबली. फायरबॉलही थांबला. पंधरा मिनिटांत दुसरी ओळ खोटी ठरली, आणि वर थर संपले तरी प्रतिकार तसाच राहत होता, म्हणजे तिसरीही गेली. पुसून टाकलं.

दुसरा उपाय म्हणजे ऑपकोड १०१, एखाद्या ऑपकोडपासूनच मोकळीक देणारा. १२ पासून मोकळीक दिली. जादूगार मध्ये उभा, बाजूला चार जण त्याला कुटतायत, आणि त्याला काही म्हणजे काही होत नाही. भाच्याला ते लई आवडलं. मी ते त्याच रात्री काढलं. ज्याला काहीच लागत नाही त्याच्याशी लढण्यात मजा नसते, आणि आपण तसं होण्यातही नसते.

यानंतर दोन-तीन रात्री मी नुसता बघत बसलो. अडचण कुठं आहे ते हळूहळू दिसलं. डॅमेजच्या इफेक्टमध्ये प्रकार सांगणारा एक आकडा असतो. आम्ल ६५५३६, थंडी त्याच्या दुप्पट १३१०७२, वीज त्याच्याही दुप्पट २६२१४४, आणि आग ५२४२८८. तलवारीची आग ५२४२८८ आणि फायरबॉलची आगही ५२४२८८. जादूगाराच्या अंगाशी येईपर्यंत दोन्ही आगी एकच झालेल्या असतात. मंत्राच्या बाजूनं कितीही बारीक चाळण लावली तरी त्याला ही आग कुठून आली ते कळणारच नाही. ते माहीत असतं फक्त आग जिथून निघते तिथं, म्हणजे तलवारीला.

माझे आजोबा गंगावेश तालमीत जायचे. त्यांचं एक ठरलेलं सांगणं होतं: डाव अंगावर आल्यावर तोड शोधू नको, समोरच्याचा हात कुठं निघालाय ते बघ. लहानपणी ते बोलणं नुसतं ऐकलं होतं. त्या रात्री एसपीडब्ल्यूआय ४०८ बंद केली आणि तलवारीची फाईल उघडली, तेव्हा ते आठवलं. त्यानंतर स्टोनस्किनच्या फाईलला मी पुन्हा हात लावला नाही. आजही ती मुळात होती तशीच आहे.

एन्हान्स्ड एडिशनमध्ये ३२६ क्रमांकाचा ऑपकोड आहे, जुन्या इंजिनात तो नाही. त्याचं काम असं: समोरचा माणूस अमुक अटीत बसत असेल, तर ही दुसरी फाईल त्याच्यावर लागू कर. अटी एका तक्त्यात लिहिलेल्या असतात, स्प्लप्रॉट नावाच्या. एका ओळीत तीन गोष्टी: कोणता आकडा तपासायचा, किती, आणि तुलना कशी. मी ठरवलं की तलवारीतला आगीचा इफेक्ट काढून एका छोट्या वेगळ्या मंत्रफाईलमध्ये ठेवायचा, आणि तलवारीत त्या जागी ३२६ लावायचा. अट: समोरच्याच्या अंगावर थर नसतील तरच.

थर आहेत की नाहीत हे कसं तपासायचं? आधी वाटलं स्टोनस्किनमध्ये एक खूण ठेवावी आणि ती तपासावी. पण खुणेचं आयुष्य वेगळं आणि थरांचं वेगळं. थर लढाईत दहा सेकंदांत संपतील, खूण तिच्या वेळेप्रमाणं जाईल. दोघांचा मेळ घालत बसावं लागलं असतं. मग आकड्यांच्या यादीत स्टोनस्किन्स नावाचाच एक आकडा दिसला. प्रत्येक पात्राच्या अंगावर किती थर उरलेत ते गेम स्वतःच मोजत असतो. शत्रूचं डोकं चालवणाऱ्या स्क्रिप्ट हाच आकडा विचारतात. मला वेगळं मोजायचं कारणच नव्हतं. अट लिहिली: स्टोनस्किन्स, शून्य, इतका किंवा कमी. एक ओळ. ती लिहून झाल्यावर मी उठून गच्चीवर गेलो, इतकं बरं वाटलं.

आता तपासणी. खऱ्या तलवारींनी तपासलं की आकडे नीट वाचता येत नाहीत. पात्याचं किती, आगीचं किती, ताकदीचं किती, सगळं मिसळतं. म्हणून आम्ही शॉपवर करतो तेच केलं. भोक बरोबर आहे का ते बघायला आमच्याकडं गेज असतो, एका टोकाला गो आणि दुसऱ्याला नो-गो. गो आत गेला पाहिजे, नो-गो जाता कामा नये, मध्ये वाद नाही. तशी गेजाची तलवार बनवली. पात्याचं डॅमेज १, आगीचं बरोबर १०, फासा नाही, शक्यता शंभर टक्के. पडद्यावर १० दिसलं की आग आत गेली, नाही दिसलं की नाही गेली. कन्सोलवरून, म्हणजे गेमला थेट हुकूम टाइप करायच्या खिडकीतून, ती तलवार मागवली, आमच्याच लढवय्याच्या हातात दिली आणि आमच्याच जादूगारावर चालवायला लावली. अडचणीची पातळी मूळ नियमांवर ठेवली, नाहीतर आकडे खालीवर होतात. भाच्यानं जादूगाराच्या बोटातली अंगठी काढायला लावली, कारण तिनं आगीचा प्रतिकार मिळत होता. ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पहिला घाव बसला. जादूगाराला काही नाही. आम्ही दोघं एकदम "बसलं!" म्हणालो. आणि दुसऱ्या क्षणी ओळ आली: लढवय्याला आगीचं १० डॅमेज. ज्याच्या हातात तलवार तोच भाजला. परत मारलं, परत तोच भाजला.

इफेक्टच्या तिसऱ्या बाइटमध्ये कुणावर ते असतं. १ म्हणजे स्वतःवर, २ म्हणजे समोरच्यावर. नवीन इफेक्ट वाढवताना मी तिथं १ राहू दिला होता. तलवार धरणाऱ्याच्या अंगावर थर नव्हते, अट पूर्ण होत होती, आग इमानदारीनं त्याला भाजत होती. १ चा २ केला. मग जॉब कार्डावर तीन ओळींपुढं खुणा पडत गेल्या. थर असताना तलवार: आग नाही. थर असताना फायरबॉल: भाजलं. पाच थर पाच घावांनी उतरवले, सहाव्या घावाला पडद्यावर १० आलं. रात्रीचा एक वाजून गेला होता. बाहेर पाऊस लागला होता आणि अक्काचा गडहिंग्लजवरून फोन आला असता तर दोघांनाही शिव्या बसल्या असत्या.

एका तलवारीचं झालं. गेममध्ये अशी हत्यारं कितीतरी आहेत. दि'आर्निसच्या गढीत तीन डोकी जुळवून बनणारा तो आसूड घ्या, त्यात आग, थंडी आणि आम्ल तिन्ही आहेत. शिवाय बाण. हे एकेक करून हातानं करायचं म्हटलं तर चूक नक्की होणार, आणि दुसरा एखादा मॉड, म्हणजे कुणी खेळाडूनं गेममध्ये केलेला बदल, आधीच बसवलेला असेल तर त्याच्या हत्यारांचं काय? यासाठी मॉड करणारे लोक वायडू नावाचं साधन वापरतात. त्याला आपण नियम लिहून द्यायचा, तो गेममधल्या सगळ्या वस्तूंच्या फाईली एकेक करून उघडतो, नियम बसला की बदलतो, आणि मूळ फाईल जपून ठेवतो. मॉड काढला की मूळ परत जागेवर. मी आधी हातानं केलेले बदल ओव्हरराइड फोल्डरमधून, म्हणजे बदललेल्या फाईली ठेवायच्या जागेतून, पुसून टाकले आणि सगळं नव्यानं वायडूमध्ये लिहिलं.

माझा नियम असा होता: वस्तूच्या इफेक्टमध्ये ऑपकोड १२ आहे, प्रकार त्या चारांपैकी एक आहे, आणि समोरच्यावर आहे, तर तो उचलून नव्या मंत्रफाईलमध्ये ठेव आणि जागेवर ३२६ लाव. फाईलच्या नावाला आठच अक्षरं मिळतात, म्हणून कोल्हापूरची तीन अक्षरं आणि पुढं चालू क्रमांक. शक्यतेची टक्केवारी तलवारीतच ठेवली, नव्या फाईलमध्ये पूर्ण शंभर, नाहीतर एकच आग दोनदा चाळली गेली असती. स्प्लप्रॉटच्या तक्त्यात माझी ओळ कायम एका ठराविक क्रमांकावर न लिहिता शेवटी जोडायची आणि तिचा क्रमांक त्याच वेळी मोजून घ्यायचा, हेही केलं. दुसऱ्या मॉडनं आधी तिथं काही लिहिलं असेल तर त्याच्या ओळीवर आपली ओळ पडू नये. दुसऱ्याच्या कामावर नकळत काम चढवणं हा शॉपवरही मोठा गुन्हा आहे.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा जादूच्या छड्याही बदलल्या गेल्या. आगीची छडी आणि फेकायच्या ज्वलनशील तेलाची बाटली यांच्याही आत ऑपकोड १२ आणि आगीचा तोच आकडा. दुसरी ओळ छडीच्या बाबतीत मोडली. वस्तूच्या पोटहेडरचा पहिला बाइट हे कशा प्रकारचं वापरणं आहे ते सांगतो: १ जवळून मारणं, २ दुरून, ३ जादू. १ आणि २ एवढंच घे, असं सांगितल्यावर छड्या सुटल्या.

हे सगळं झाल्यावर आम्ही चार दिवस नुसते खेळलो, आणि सगळं ठीक आहे असं मी धरून चाललो. पाचव्या दिवशी भाचा एकटाच खेळत होता, मी सेकंड शिफ्टला. परत आलो तर तो जागाच होता.

"मामा, तुझी आग बंद पडलीया."

शत्रूचा एक जादूगार. थर सगळे उतरवलेले, भाच्यानं मोजून उतरवले होते. तरी आगीच्या तलवारीचं पातं लागत होतं आणि आग लागत नव्हती. मी म्हटलं अंगठी असेल. त्यानं तोच प्रसंग सेव्ह करून ठेवला होता. दाखवला. जादूगाराच्या भोवती एक रंगीत गोळा होता, मायनर ग्लोब ऑफ इन्व्हल्नरेबिलिटी. हा मंत्र तिसऱ्या पातळीपर्यंतचे मंत्र अडवतो. तलवारीशी त्याचा काही संबंध नाही.

पण माझ्या मॉडनंतर होता. नवी मंत्रफाईल मी कोऱ्या कागदावरून केली नव्हती, फायरबॉलची प्रत काढून तिच्यातलं नको ते उडवलं होतं. फायरबॉल तिसऱ्या पातळीचा. इफेक्टच्या चौथ्या बाइटमध्ये ताकद असते, तिथं ३ तसाच राहिला होता. गोळा फाईलचं नाव बघत नाही, हा बाइट बघतो. ३ दिसला, अडवलं. मूळ तलवारीत तिथं शून्य होतं, आणि शून्याला कोणताच गोळा अडवत नाही.

मला वाईट वाटलं ते चूक झाली म्हणून नाही. त्या जॉब कार्डावर तीन ओळी होत्या आणि तिन्ही खऱ्या होत्या, तरी काम चुकलेलं होतं. जे बदलायचं होतं त्याची तपासणी मी लिहिली होती. जे अजिबात बदलायचं नव्हतं त्याची एकही ओळ लिहिली नव्हती. आमच्याकडं एखाद्या पार्टचं एक भोक मोठं करून घेतलं तरी बाकीची सगळी मापं परत घेतात, का घेतात ते नव्या पोरांना मीच सांगत असतो.

त्या रात्री भाचा आणि मी बसून मूळ तलवारीचे ४८ बाइट आणि माझ्या फाईलचे ४८ बाइट शेजारी शेजारी मांडले आणि एकेक घर ताडून पाहिलं. तो वाचायचा, मी खूण करायचो. ताकदीचा फरक सापडलाच. अजून एक सापडला: जादूच्या प्रतिकाराला जुमानायचं की नाही ते सांगणारा बाइट. फायरबॉलला तो प्रतिकार लागू होतो, तलवारीच्या मूळ आगीला होत नव्हता. हे तसंच राहिलं असतं तर जमिनीखालच्या ड्राउ लोकांशी लढताना, ज्यांच्या अंगात जादूचा प्रतिकार असतो, आमची आगीची हत्यारं अधूनमधून थंड पडली असती आणि आम्ही नशिबाला दोष देत बसलो असतो. वायडूच्या नियमात बदल केला. आता नव्या फाईलमध्ये फायरबॉलचं काहीच उरत नाही. ताकद, प्रतिकार, फासे, बचावाची संधी, सगळं त्या त्या हत्यारातूनच उचललं जातं. तपासणीच्या कार्डावर ओळी तीनाच्या अकरा झाल्या.

चाललेला जुना खेळ यामुळं बिघडेल का ही भीती भाच्याला होती. सेव्हमध्ये गेम तलवारीचं फक्त नाव ठेवतो, आतला मजकूर फाईलमधून दर वेळी वाचतो. म्हणून महिनाभरापूर्वीच्या सेव्हमधली तलवारही नव्या नियमानं वागायला लागली. स्टोनस्किनला तर हातच लावलेला नव्हता, त्यामुळं आधीपासून अंगावर चढवलेले थरही लगेच धरले गेले.

एक गोष्ट न मागता मिळाली. ड्रुइडचा आयर्न स्किन्स मंत्र. त्याचं काय करायचं म्हणून फाईल उघडली, तर आत तोच २१८. म्हणजे त्याचे थरही त्याच आकड्यात मोजले जातात, आणि माझी अट त्यालाही आपोआप लागू. काहीच करावं लागलं नाही.

काही राहिलंही आहे. लढताना हातालाच आग लावून देणारे काही मंत्र असतात, त्यांची आग हत्याराच्या यादीतून येत नाही, २४८ नावाच्या वेगळ्या ऑपकोडमधून येते. ती अजून थरांना भेदून जाते. ते पुढं कधीतरी.

खेळात काय बदललं ते मात्र सांगायला हवं, कारण मी मॉड केला तेव्हा मला ते पुरतं कळलेलं नव्हतं. आमचा जादूगार वाचला, हे खरं. पण या गेममधला बहुतेक प्रत्येक शत्रू जादूगार स्टोनस्किन चढवूनच येतो. इतकी वर्षं मी त्यांचे मंत्र आगीच्या बाणांनी तोडत आलो होतो. ते बाण आता थर असेपर्यंत थर उतरवण्यापुरतेच. पहिल्या अशा लढाईत शत्रूनं तीन मंत्र सलग पूर्ण केले. तीन. मला त्या गेममध्ये असं कधी झालेलं आठवत नाही. आमचे चार जण पडले.

भाचा मागं टेकून बसला. मला वाटलं आता म्हणेल की काढून टाक. एकदा काढलं की सगळं पूर्वीसारखं, वायडूला एक अक्षर दाबायचं काम.

"मामा, थर लौकर उतरवायचं काय आसंल तर?"

मी सांगितलं, घाव केवढाही असो थर एकच जातो, म्हणजे जोराचं हत्यार नको, चपळ हत्यार पाहिजे. फेकायचे डार्ट. एका राउंडमध्ये तीन. इतकी वर्षं मी ते दुकानात विकत आलो होतो.

"आणि एकदम सगळं उतरवायचं?"

ब्रीच. पाचव्या पातळीचा मंत्र, लढाईची संरक्षणं एका फटक्यात काढतो, त्यात स्टोनस्किनही. आमच्या जादूगाराच्या वहीत तो कधीपासून होता, पण आगीच्या बाणांवर भागत असल्यामुळं मी तो पाठच करत नव्हतो. भाच्यानं परत सेव्ह उघडला, टोळीला झोपवलं, जादूगाराच्या यादीत ब्रीच दोनदा घातला, आणि लढवय्याच्या हातातली तलवार काढून डार्टची पिशवी दिली. पहिला डार्ट लागला, थर गेला. दुसरा लागला. तिसऱ्यानंतर आमच्या जादूगारानं हात वर केले, आणि शत्रूनं त्याच क्षणी मंत्र सुरू केला. दोघांचे ओठ हलतायत. मी आणि भाचा दोघंही कडेला सरकून बसलो.

"आधी कुणाचा सुटतोय बघ," तो म्हणाला.